जखमेवरचा फेस

गेल्या पावसाळ्यात मुलुंड पूर्वेला राहणारे एक आजोबा आपल्या सुनेसह माझ्या दवाखान्यात आले. वय ७४, मधुमेह १८ वर्षांचा. घाटकोपरहून परतताना गर्दीत लोकलमधून उतरण्याच्या घाईत गाडीच्या पायरीची कड त्यांच्या नडगीला लागली होती. जखम जेमतेम दोन इंचांची, फारशी खोलही नव्हे. परंतु तिला सात आठवडे उलटून गेले होते आणि ती भरण्याचे नाव घेत नव्हती. कडा पांढुरक्या व जाडसर, मध्यभाग फिकट.

सूनबाईंनी सेवेत कोणतीही कसूर केलेली नव्हती. सकाळ-संध्याकाळ हायड्रोजन पेरॉक्साइड ओतायचे, फेस आला की कापसाने पुसायचा, वर चिमूटभर हळद दाबायची आणि जखम वाऱ्याला उघडी ठेवायची, हा क्रम त्यांनी एक दिवसही चुकवला नव्हता. आहारातून तूरडाळ, अंडी आणि आंबट फळे बंद केली होती, कारण त्यांनी जखमेत पू होतो असे कोणीतरी सांगितले होते. त्या मला म्हणाल्या, "डॉक्टर, अजून फेस येतो. म्हणजे आत जंतू आहेतच ना?"

त्या केसपेपर आणायला बाहेर गेल्या तेव्हा आजोबांनी हळूच विचारले, "मॅडम, खरे सांगा. पाय कापावा लागेल का?"

मला सूनबाईंना दोष देता येईना. व्यवसायाच्या आरंभीच्या वर्षांत मीही अनेक रुग्णांच्या जखमांवर रोज पेरॉक्साइड ओतले आहे आणि घरीही तसेच करा म्हणून चिठ्ठीवर लिहून दिले आहे. फेस दिसला की काहीतरी चांगले घडते आहे असे डॉक्टरलाही वाटते आणि रुग्णालाही. तो फेस प्रत्यक्षात काय सांगतो हे समजून घेतले, तर वृद्धापकाळातील जखमा का अडतात आणि त्या भरण्यासाठी कुटुंबाने काय करावे, याचे बरेचसे उत्तर हाती येते.

फेस कुठून येतो?

घरी एक सोपा प्रयोग करता येतो. कच्च्या बटाट्याच्या ताज्या कापावर पेरॉक्साइडचे दोन थेंब टाका. लगेच फेस येईल. बटाट्यात जंतू झाले म्हणून हा फेस येत नाही. बटाट्याच्या पेशींमध्ये कॅटालेज नावाचे एक विकर, म्हणजे एन्झाइम, असते. ते हायड्रोजन पेरॉक्साइडचे विघटन करून त्याचे पाणी आणि ऑक्सिजन बनवते. ऑक्सिजनचे बुडबुडे म्हणजेच तो फेस.

हेच विकर आपल्या रक्तपेशींत व त्वचेच्या पेशींतही विपुल असते. जखमेवर पेरॉक्साइड पडताच तेथील पेशी आपल्या बचावासाठी ते मोडून टाकू लागतात. काही जंतूंपाशीही कॅटालेज असते, त्यामुळे थोडा फेस त्यांचाही असतो. मात्र स्वच्छ, ताज्या जखमेवरही फेस येतोच. तेव्हा फेस येणे हे जंतुसंसर्गाचे लक्षण मानता येत नाही. आजोबांच्या जखमेवर दिवसातून दोनदा जे उसळत होते, ते बहुतांशी त्यांच्याच पेशींचे स्वसंरक्षण होते. औषधांच्या दुकानात मिळणारे पेरॉक्साइड पुष्कळदा ६ टक्क्यांचे असते. एवढ्या तीव्र माऱ्यापुढे नव्याने उगवणाऱ्या कोवळ्या पेशींचे संरक्षण अपुरे पडते आणि जंतूंबरोबर त्याही मरतात.

शरीराचे स्वतःचे अस्त्र

येथे एक विलक्षण गोष्ट लक्षात घ्यावी. हायड्रोजन पेरॉक्साइड आपले शरीर स्वतःदेखील तयार करते, आणि तेही जखमेतच.

जखम झाल्यावर प्रथम रक्त गोठते. मग काही तासांतच न्यूट्रोफिल जातीच्या श्वेतपेशी तेथे धाव घेतात. जंतू दिसताच त्या मोठ्या प्रमाणावर ऑक्सिजन ओढून घेतात आणि त्यापासून सुपरऑक्साइड नावाचे अत्यंत क्रियाशील मूलक बनवतात. त्यापासून पुढे पेरॉक्साइड आणि इतर मारक द्रव्ये तयार होतात. या सर्वांना एकत्रितपणे आपण ऑक्सिडीकारक द्रव्ये म्हणू. 'मुक्त मूलके' हा शब्द वाचकांनी जाहिरातींत वाचला असेल. ती याच कुळातील आणि नेहमी खलनायकाच्या भूमिकेत दाखवली जातात.

वास्तविक ती नसती तर आपण जगलोच नसतो. काही बालकांमध्ये जन्मतःच श्वेतपेशींना सुपरऑक्साइड बनवता येत नाही. या आजाराला क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज म्हणतात. मुंबईत परळ येथील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरविज्ञान संस्थेत, म्हणजे एनआयआयएचमध्ये, त्याचे निदान केले जाते. अशा बालकांना वारंवार गंभीर जंतुसंसर्ग होतो, गळवे होतात आणि जखमा चिघळत राहतात.

अल्प प्रमाणातील पेरॉक्साइड तर निरोप्याचेही काम करते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात झेब्राफिश या लहानशा माशाच्या पिल्लांच्या शेपटीला सूक्ष्म जखम करण्यात आली. काही मिनिटांतच जखमेच्या कडेपासून पेरॉक्साइडची एक उतरती मात्रा पसरली आणि तिच्याच दिशेने श्वेतपेशी खेचल्या गेल्या. म्हणजे योग्य ठिकाणी, योग्य प्रमाणात आणि थोड्या काळापुरते निर्माण झालेले ऑक्सिडीकारक द्रव्य हे बरे होण्याचा आरंभ असते. तेच दीर्घकाळ आणि भरमसाट राहिले की ते नव्या पेशी, पेशींची आवरणे आणि नुकतेच विणले गेलेले कोलॅजन यांचा नाश करते.

ढाल कशाची बनते?

या आगीला आटोक्यात ठेवण्यासाठी प्रत्येक पेशीजवळ स्वतःची यंत्रणा असते. तिलाच अँटिऑक्सिडंट, म्हणजे ऑक्सिडीकरणरोधक संरक्षण म्हणतात. तिच्यात तीन प्रमुख विकरे आहेत.

पहिले सुपरऑक्साइड डिसम्युटेज. अमेरिकेतील जो मॅकॉर्ड आणि आयर्विन फ्रिडोविच यांनी १९६९ साली त्याचे कार्य दाखवून दिले. ते सुपरऑक्साइडचे पेरॉक्साइड करते. त्यासाठी तांबे व जस्त, आणि पेशींच्या ऊर्जाकेंद्रांत मँगनीज लागते. दुसरे आपले कॅटालेज. त्याच्या गाभ्यात लोह असते. तिसरे ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज. त्यात सेलेनियम असते आणि ते ग्लुटाथायोन या छोट्या रेणूच्या साह्याने पेरॉक्साइड निकामी करते. हे ग्लुटाथायोन आपले शरीर तीन अमिनो आम्लांपासून स्वतः बनवते. अमिनो आम्ले म्हणजे प्रथिनांचे घटक. तेव्हा ही ढाल कोणत्या कारखान्यातून येत नाही. डाळ, अंडे, दूध, मासे आणि धान्य यांपासून ती आपल्या पेशीत घडते.

या सगळ्यांवर देखरेख ठेवणारे एक प्रथिनही पेशीत असते. त्याचे शास्त्रीय नाव एनआरएफ-२. ऑक्सिडीकारक द्रव्ये वाढताच ते पेशीकेंद्रात शिरते आणि संरक्षक विकरे तयार करण्याचा आदेश देते. वाढत्या वयात हा आदेश तितक्या तत्परतेने निघत नाही, असे प्राण्यांवरील व पेशींवरील अनेक अभ्यासांत आढळले आहे. सत्तरीतील माणसाची जखम तिशीतील माणसापेक्षा सावकाश भरते, त्यामागे हेही एक कारण आहे.

जखम अडते कुठे?

निरोगी जखमेत जंतूंशी झगडण्याचा टप्पा काही दिवसांचा असतो. मग श्वेतपेशी मागे हटतात, फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी येऊन कोलॅजन विणू लागतात, नव्या रक्तवाहिन्या फुटतात आणि कडांकडून त्वचा सरकत येते. न भरणारी जखम पहिल्याच टप्प्यात अडकून पडलेली असते. लढाई संपल्याचा संदेशच तेथे पोहोचत नाही.

मधुमेहात हे विशेषत्वाने घडते. रक्तातील वाढलेली साखर पेशीत शिरून ऊर्जाकेंद्रांवर ताण आणते आणि ऑक्सिडीकारक द्रव्ये वाढवते. जादा साखर निराळ्या मार्गाने खर्च होताना एनएडीपीएच नावाचा रेणूही संपवते. वापरलेले ग्लुटाथायोन पुन्हा सज्ज करण्यासाठी हाच रेणू लागतो. आणि श्वेतपेशींना जंतूंविरुद्ध सुपरऑक्साइड बनवण्यासाठीही हाच रेणू लागतो. शस्त्र आणि ढाल दोन्हींचा खर्च एकाच तिजोरीतून होतो आणि वाढलेली साखर ती तिजोरी रिकामी करते. मधुमेही व्यक्तीत जंतुसंसर्गही लवकर होतो आणि जखमही उशिरा भरते, या दोन्ही तक्रारींचे मूळ काही अंशी येथे आहे.

पायांतील नीला फुगलेल्या असतील तर घोट्याजवळ रक्त साचते, तांबड्या पेशी बाहेर झिरपतात आणि त्यांतील लोह ऊतकांत साठते. त्वचा तपकिरी दिसते ती त्यामुळे. हे मोकळे लोह पेरॉक्साइडपासून अधिकच घातक मूलके तयार करते. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या माकडहाडावर व टाचांवर दाबामुळे रक्तपुरवठा थांबतो आणि दाब सुटताच रक्त परत येताना ऑक्सिडीकारक द्रव्यांचा लोंढा येतो. म्हणून कूस बदलण्याचे काम नियमित, साधारणपणे दर दोन तासांनी व्हावे लागते. तंबाखूचा धूर तर मुक्त मूलके सोबतच घेऊन येतो. मिश्री किंवा तंबाखू मळून खाणाऱ्यांनीही आपण सुटलो असे मानू नये. निकोटीनने त्वचेच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि जखमेचा रक्तपुरवठा घटतो.

सोलापूरचा मध

बाहेरून लावलेल्या पदार्थाने हा तोल सावरता येतो का? या प्रश्नावरील एक महत्त्वाचे काम आपल्या महाराष्ट्रात झाले आहे. सोलापूरच्या डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयातील शल्यचिकित्सक डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी भाजलेल्या १०४ रुग्णांचा अभ्यास करून १९९१ साली 'ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी'त तो प्रसिद्ध केला. निम्म्या रुग्णांना मधाची पट्टी व निम्म्यांना त्या काळी सर्वत्र वापरले जाणारे सिल्व्हर सल्फाडायझिन हे मलम लावण्यात आले. मधाच्या गटात सात दिवसांत ९१ टक्के जखमा जंतुरहित झाल्या, तर मलमाच्या गटात केवळ ७ टक्के. पंधरा दिवसांत भरलेल्या जखमांचे प्रमाण अनुक्रमे ८७ व १० टक्के होते. पुढे २००३ साली त्यांनी सहकाऱ्यांसह असे मत मांडले की भाजलेल्या जखमांत मधाचा प्रमुख उपयोग मुक्त मूलकांवर नियंत्रण ठेवण्यामुळे होतो.

मधाचे वैशिष्ट्य असे की त्यातील एक विकर अतिशय मंद गतीने, अत्यल्प पेरॉक्साइड सोडत राहते आणि त्याच वेळी मधातील वनस्पतिजन्य द्रव्ये ऑक्सिडीकरणाला आवरही घालतात. बाटलीतून एकदम ओतलेल्या द्रावणात हा संयम नसतो.

तथापि ही आकडेवारी वाचून कोणी स्वयंपाकघरातील मधाची बाटली उघडू नये. हे रुग्ण भाजलेले होते आणि देखरेखीखाली होते. २०१५ साली मधावरील जगभरच्या चाचण्यांचा कॉक्रेन आढावा प्रसिद्ध झाला. वरवरच्या भाजलेल्या जखमा मधाने काही दिवस लवकर भरतात, असे त्यात दिसून आले. मधुमेही पायाच्या आणि नीलांच्या विकारामुळे झालेल्या जखमांबाबत मात्र तसा स्पष्ट लाभ आढळला नाही. अनेक चाचण्या एकाच केंद्रातून आलेल्या असल्याने सावधगिरी हवी, हेही आढाव्यात नमूद आहे. शिवाय साध्या मधात जंतूंचे बीजाणू असू शकतात. वैद्यकीय वापराचा मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो. वैद्यकीय साहित्य असे निर्जंतुक करणारे 'आयसोमेड' हे केंद्र घाटकोपरपासून फार दूर नसलेल्या तुर्भ्यात, म्हणजे ट्रॉम्बेत, १९७४ पासून कार्यरत आहे, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते.

हळद: जिंकलेला खटला आणि उरलेली मर्यादा

हळदीचा विषय निघाला की डॉ. रघुनाथ माशेलकर यांची आठवण होणे स्वाभाविक आहे. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळाले. माशेलकरांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ आणि शोधनिबंध पुढे करून त्यास आव्हान दिले आणि १९९७ साली ते रद्द झाले. तो विजय अभिमानास्पदच आहे. मात्र त्याने सिद्ध झाले ते एवढेच की हा उपयोग भारतात पूर्वीपासून ज्ञात होता. डब्यातील हळदपूड प्रत्येक जखमेला हितकारक असते, असा निकाल कोणी दिलेला नाही.

हळदीतील कुर्क्युमिन प्रयोगशाळेत उत्तम ऑक्सिडीकरणरोधक ठरते. पण पूड निर्जंतुक नसते, तीत भेसळ असू शकते आणि तिचे कण ओल्या जखमेत रुतून बसतात. ते काढताना नवी त्वचा निघते आणि पिवळ्या थराखाली जखम लाल झाली की काळी पडली, हे दिसतही नाही. खरचटण्यावर हळद लावली म्हणून बिघडत नाही. मधुमेही माणसाच्या पायावरील उघड्या जखमेत ती भरू नये. हळदीची जागा आमटीत आहे.

बाटलीतील अँटिऑक्सिडंट

मग अँटिऑक्सिडंटच्या कॅप्सूल घ्याव्यात का, असा प्रश्न माझ्याकडे आठवड्यातून एकदा तरी येतो. अंधेरी-बोरिवलीत राहणारी मुले आईवडिलांसाठी मोठ्या किमतीचे डबे मागवतात, त्यामागील माया मला दिसते. पण अनुभव सावध करणारा आहे. फिनलंडमधील २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरील एका मोठ्या चाचणीत बीटा कॅरोटीनच्या गोळ्या दिल्या गेल्या. लाभ तर झाला नाहीच, उलट त्या गटात फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण १८ टक्क्यांनी अधिक आढळले. हे निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाले. ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने, विशेषतः रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर, रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. जखमेला आरंभी ऑक्सिडीकारक द्रव्यांची गरज असते हे आपण पाहिलेच. बाहेरून भडिमार करून तो नाजूक तोल साधत नाही. ज्या घटकाची कमतरता आहे तो भरून काढणे मात्र निश्चित उपयोगी ठरते. ती कमतरता आहे की नाही, हे आपल्या डॉक्टरांनी ठरवावे.

ताटातून जखमेपर्यंत

क जीवनसत्त्वाचे उदाहरण बोलके आहे. कोलॅजनच्या धाग्यांना पीळ देणारे विकर लोहावर चालते आणि ते लोह कार्यक्षम अवस्थेत ठेवण्याचे काम क जीवनसत्त्व करते. म्हणजे येथे ऑक्सिडीकरणरोधक हा थेट विणकरांचा मदतनीस आहे. १७४०च्या दशकात जॉर्ज ॲन्सन यांच्या जगप्रदक्षिणेत खलाशांना स्कर्व्ही झाला. त्या सफरीच्या वृत्तांतात अशी नोंद आहे की एका वृद्ध खलाशाची पन्नास वर्षांपूर्वी भरून आलेली जखम पुन्हा उघडली. जुना व्रणसुद्धा शरीर सतत दुरुस्त करत असते आणि पुरवठा थांबला की तो उसवतो.

आजोबांच्या ताटातून नेमके काय काढले होते, ते आता पुन्हा पाहा. डाळ आणि अंडी गेली, म्हणजे ग्लुटाथायोन आणि कोलॅजन यांचा कच्चा माल गेला. आंबट फळे गेली, म्हणजे क जीवनसत्त्व गेले. एका बाजूने रोज दोन वेळा पेशींवर मारा आणि दुसऱ्या बाजूने त्यांची रसद बंद. डाळीने किंवा लिंबाने पू होतो, या समजुतीला कोणताही आधार नाही. पू होतो तो जंतूंमुळे.

जखम असलेल्या वृद्ध व्यक्तीला दररोज शरीराच्या दर किलो वजनामागे साधारण १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने मिळावीत. ६० किलोच्या व्यक्तीला म्हणजे ७० ते ९० ग्रॅम. मूत्रपिंडाचा विकार असेल तर हे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे. प्रत्येक जेवणात घट्ट वरण, उसळ, दही, पनीर किंवा अंडे यांपैकी दोन पदार्थ असावेत. मासे चालत असतील तर बांगडा उत्तम. दात नसतील तर मुगाचे धिरडे, शिजवून घोटलेली डाळ, अंड्याची भुर्जी द्यावी. एक मध्यम पेरू दिवसभराचे क जीवनसत्त्व सहज पुरवतो. आवळाही तसाच, परंतु मधुमेहींनी साखरेच्या पाकातला मोरावळा टाळून ताजा आवळा खावा. लिंबू पानात पिळावे, उकळत्या भांड्यात नव्हे, कारण उष्णतेने हे जीवनसत्त्व नष्ट होते. तीळ, भोपळ्याच्या बिया, हरभरे यांतून जस्त मिळते.

घरी करावयाची काळजी

किरकोळ जखम प्रथम वाहत्या स्वच्छ पाण्याने किंवा सलाइनने धुवावी. उकळून गार केलेले पाणीही चालते. रोज पेरॉक्साइड, स्पिरिट किंवा तीव्र जंतुनाशक वापरू नये. आपल्या डोळ्यांत घालवणार नाही असे द्रव्य जखमेतही सहसा घालू नये, असा एक ढोबळ ठोकताळा ध्यानात ठेवावा.

जखम वाऱ्याला सुकवावी ही समजूतही सोडून द्यावी. १९६२ साली जॉर्ज विंटर यांनी डुकरांवरील प्रयोगात दाखवले की ओलसर झाकून ठेवलेल्या जखमेवर त्वचा उघड्या जखमेच्या सुमारे दुप्पट वेगाने पसरते. कोरड्या खपलीखाली सरकताना पेशींना वाट शोधावी लागते. म्हणून न चिकटणारी पट्टी वापरावी आणि ती डॉक्टर सांगतील त्याच अंतराने बदलावी. वारंवार उघडून पाहण्याचा मोह आवरावा. पट्टी चिकटली असेल तर ओढू नये, सलाइनने भिजवून सोडवावी.

पायाला सूज असेल तर बसताना पाय उंच ठेवावा. पायाला घट्ट पट्टी मात्र स्वतःच्या मनाने बांधू नये. आधी पायाच्या नाड्या तपासून रक्तपुरवठा पुरेसा आहे याची खात्री करावी लागते. धनुर्वाताची लस केव्हा घेतली होती हे आठवून डॉक्टरांना सांगावे. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून जखमेसह चालावे लागले, तर पाय साबणाने धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांना भेटावे. अशा पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होण्याची भीती असते आणि त्यासाठी प्रतिबंधक औषध वेळेत द्यावे लागते.

पुढीलपैकी काहीही आढळल्यास घरगुती उपायांत एक दिवसही घालवू नये: मधुमेही व्यक्तीच्या पायावरील कोणतीही जखम, मग ती दुखत नसली तरी, वाढती लाली, सूज, दुर्गंधी किंवा पू, ताप, थंडी किंवा अचानक आलेली भ्रमिष्टता, काळी पडलेली त्वचा वा थंडगार बोटे, आणि दोन आठवड्यांत आकाराने कमी न झालेली जखम. खाजगी शल्यचिकित्सकाचा खर्च झेपत नसेल तर घाटकोपरचे राजावाडी किंवा जुहूचे कूपर यांसारख्या महापालिका रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागात जावे. न दुखणारी जखम ही मधुमेहात दिलासा देणारी बाब नसते. तेथील संवेदनाच गेलेली असते.

आजोबांचे पुढे काय झाले?

त्यांच्या पायाच्या नाड्या हाताला लागत होत्या, ही सुदैवाची गोष्ट होती. हाडापर्यंत संसर्ग गेलेला नव्हता. शल्यचिकित्सकांनी जखमेच्या मृत कडा काढल्या. साखर आवरण्यासाठी काही काळ इन्सुलिन द्यावे लागले. पेरॉक्साइड, हळद आणि पथ्य तिन्ही बंद केले. सलाइन, न चिकटणारी पट्टी, दोन्ही वेळा घट्ट वरण, रोज एक अंडे आणि एक पेरू, एवढेच सुरू केले. यात कोणते एक औषध चालले असे मी म्हणणार नाही. पेशींना त्यांचे काम करू दिले, इतकेच.

तिसऱ्या आठवड्यात जखमेच्या तळाशी ओलसर, लाल, दाणेदार नवे ऊतक दिसू लागले. कोजागरीच्या सुमारास जखम मिटली. तरीही नव्या त्वचेला पूर्ण बळकटी यायला कित्येक महिने लागतात आणि ती मूळ त्वचेइतकी भक्कम कधीच होत नाही, म्हणून नडगीला पुन्हा मार लागू देऊ नका, असे मी बजावले. गर्दीच्या वेळी लोकलने जाणार नाही, असे आजोबांनी कबूल केले. ते पाळतील की नाही, याची मला खात्री नाही.

निघताना सूनबाईंनी विचारले, "घरी पेरॉक्साइडची अर्धी बाटली उरली आहे. तिचे काय करू?"

"पांढऱ्या चादरीवर रक्ताचा डाग पडला तर थोडे ओता," मी म्हटले. "तेथेही फेस येईल आणि डाग निघून जाईल. जखमेला ते पुन्हा लावू नका."